वेलांटी

रविवारी पाषाणच्या प्रयोगशाळेत मी एकटीच असते.
पेशींना रविवार कळत नाही.
जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं घालायचं,
सदतीस अंशांवर, आईच्या पोटाइतक्या उबेत
बशी परत सरकवायची, दार लावायचं.
पाडव्याला उटण्याच्या हातांवर
हातमोजे चढवून आले होते.

आठव्या आठवड्यात बशीत एक ठिपका दिसला.
तपकिरी, पिकल्या केळ्यावर येतो तसा.
डोळ्याच्या पडद्यामागचा रंग,
डोळाच नसताना आलेला.
सरांनी पेढे मागवले नाहीत. "हं" म्हणाले
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आप्पांनी सरळ बघितलं तर मी दिसत नाही.
मधोमध कुणीतरी राखेचं बोट टेकवलंय, म्हणतात.
माझा चेहरा हवा तर ते माझ्या कानाकडे बघतात.
याच डोळ्यांनी खडकीच्या कारखान्यात
चौतीस वर्षं काडतुसं उजेडात धरून तपासली.
केसाएवढी चीर दिसली की बाजूला.
चांगली निघालेली कुठं गेली, कुणावर,
कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

ठिपक्याचं मात्र विचारलं.
"कुणाचं गं ते?"

पाच दिवसांचं होतं, मी म्हटलं,
डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढं,
दवाखान्यात गोठवलेलं, उरलेलं.

मार्था मावशी शेजारीच होती.
रोज सकाळी तीच त्यांना पेपर वाचून दाखवते,
निधनवार्तांसकट.
"उरतो तो भात," ती म्हणाली. "लेकरू कसं उरेल?"
ते लेकरू नव्हतं, मावशी.
"मग काय होतं?"

माझ्याकडे चौदा दिवसांचा नियम होता,
समितीचा शिक्का होता, सहा सह्या होत्या.
मी चहा टाकायला उठले.
दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली
आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

फायलीत संमतिपत्राची प्रत आहे.
नावावर काळी पट्टी मारलीय,
पण मारणाऱ्याला घाई असावी.
पट्टीच्या वर एक वेलांटी राहून गेलीय,
शेवटच्या अक्षराची, उजवीकडे कललेली,
जरा थरथरलेली.
घरी जाताना विद्यापीठाच्या चौकात बस अडकते,
तेव्हा मी त्या वेलांटीखाली नावं ठेवून बघते.
मालती? आरती? कस्तुरी?
सही करताना नवरा सोबत होता का?
पेन दवाखान्याचं होतं का, दोरीला बांधलेलं?

आप्पांना वेलांटीचं सांगितलं.
"तिला निदान एक तरी झालं का?"
माहीत नाही. कागदावर तसा रकाना नाही.
"आणि याने मला दिसेल?"
तुम्हाला नाही, आप्पा. फार तर कुणाला तरी,
दहा-पंधरा वर्षांनी. कदाचित तेही नाही.

मला वाटलं, आता म्हणतील, नकोच ते.
किंवा म्हणतील, करत राहा.
त्यांनी बोटांनी काहीतरी चाचपलं,
जुन्या सवयीने, उजेडात धरल्यासारखं.

"आज रविवार ना," म्हणाले,
"त्यांना जेवू घातलंस?"

हो म्हटलं.
ते माझ्या कानाकडे बघत होते,
म्हणजे माझ्याकडेच.