दीर्घ वेलांटी

गंगावेशीतला बोर्ड मी रंगवला, सत्याऐंशी साली.
चाळीस रुपये आणि मटणाचं एक ताट,
पांढरा रस्सा वाट्टेल तेवढा.
वाढायला स्वतः हिराक्का.
पत्र्याच्या डाव्या अंगाला मीटरचा अँगल ठोकलेला,
ह्रस्व वेलांटीला जागाच नव्हती.
म्हणून उजवीकडून घेतली,
दांडा उतरताना जरा झुकवला,
दमलेल्या माणसानं भिंतीला टेकावं तसा.

हीराक्का खानावळ.

हायस्कूलचे मास्तर जेवायला आले की हसायचे.
हिराक्का म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे ओ,
दीर्घ हाय, तर आयुष्य तरी मिळंल दीर्घ."
चौऱ्याण्णवात गेल्या.
वेलांटी राहिली.

आता ती नोंदलेली आहे.
वर्ग त्रेचाळीस, खाद्य व पेय सेवा.
सर्जेरावांनी कागद दाखवला होता:
माझं अक्षर, काड्यापेटीएवढ्या चौकटीत,
खाली मालक म्हणून कंपनी.
"वळण माझं आहे की," मी म्हटलं.
"वळण तुमचंच, काका. चिन्ह कंपनीचं,"
आणि चहा मागवला त्यांनी, स्पेशल.

चौदा शाखा. हातानं रंगवलेलाच बोर्ड पाहिजे,
असं करारात आहे, म्हणून माझी चूल पेटते.
निपाणीवाल्याची बायको मराठीची शिक्षिका,
तिला ते रोज बघवेना. तिनं वेलांटी सुधारून घेतली.
आठ दिवसांत नोटीस:
"चिन्हाचे वळण, रंग व प्रमाण यांत कोणताही फेरफार
परवानाधारकास करता येणार नाही."
मी एसटीनं गेलो आणि चूक परत केली.
बाई दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

आज उचगाव, हायवेच्या कडेला.
शिडी दस्तगीर मुल्लाणीच्या दारात.
त्याचा करार संपला. म्हणजे संपवला.
मसाला कंपनीचाच घ्यायचा, सीलबंद, किलोच्या भावानं;
यानं आईकडून कुटून घेतला.
तपासणीला आलेल्या पोरानं चमचा तोंडात घातला,
"भारी झालंय," म्हणाला,
अजून एक चमचा घेतला
आणि फॉर्मवर फुली मारली.

सात दिवसांची मुदत.
बोर्ड, मेनूकार्ड, ताटांच्या कडा, पोरांचे टी-शर्ट,
बिलावरचा शिक्का, सगळीकडून नाव काढायचं.
दस्तगीर खालून कलम अठरा वाचतोय,
मी वर पांढरा मारतोय.
"अनामत सहा लाख, विक्रीवर सहा टक्के,
आणि नाव भाड्यानं. इकलं न्हवतं आपल्याला."
भाड्याच्या खोलीत खिळा तरी ठोकू देतात, मी म्हटलं.
त्याला हसू आलं नाही.

पुसायचे नऊशे ठरलेत.
पांढऱ्याचा पहिला हात सुकायच्या आत
खालचा तांबडा वर येतो.
दुसरा हात दिला. तरी उन्हात तिरकं बघितलं
की दांडा दिसतो, टेकलेला.

"आता माझं नाव लिवा," दस्तगीर म्हणाला.
खडूची दोरी मारली, ब्रश बुडवला.
'दस्त' एवढं झालं. कचेरीतला शब्द, आपसूक आला.
मग ग आला, आणि हात थांबला.

पोटकलम दोन:
"साधर्म्य असणारे कोणतेही अक्षर, आकृती वा वळण."
मला दीर्घ वेलांटी एकच येते.
डोक्यावर वळसा, दांडा किंचित झुकलेला.
इतक्या वर्षांत हात दुसरी शिकला नाही,
आणि ही आता सर्जेरावांची.

ब्रशवरचा थेंब बुटावर पडला.
मी गच्या डावीकडे बघितलं.
इथं अँगल नव्हता. जागा होती, मोकळी.

दस्तगिर.

"काका," तो खालून, मान वाकडी करून,
"वेलांटी चुकली काय ओ?"
"ऱ्हाऊ दे," म्हटलं,
आणि आत काय शिजतंय ते विचारलं.