हलकं पाणी

रात्री सव्वादोनला चार नंबरच्या मशीनच्या
तोंडाला फेस आला.
म्हणी बाजूला ठेवा, खरोखरचा फेस:
टाकीच्या जाळीतून वर, बुरादीच्या ट्रॉलीखालून,
मग जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडून
थेट माझ्या बुटापर्यंत.
ताक घुसळताना वर येतो तसा,
फक्त याच्याखाली लोणी नव्हतं.

सोहारचा औद्योगिक भाग. ऑगस्ट.
शटरबाहेर या वेळीही छत्तीस अंश.
आत व्हॉल्व्हच्या बॉड्या, सकाळी सातला ट्रकमध्ये जायच्या,
आणि सत्तर बारचा पंप,
त्याला कोण सांगणार दमानं घे म्हणून.

फोरमन सुगुणन औषधाची बाटली घेऊन आला.
शंभर लिटरला दहा मिली, बाटलीवर लिहिलेलं.
त्यानं एक झाकण ओतलं, मग दुसरं,
मग झाकण बाजूला ठेवून नुसतंच.
फेस बसला,
पाहुणे आले की घरातलं भांडण बसतं तसा.
पावणेचारला पुन्हा उठला.

सक्शनची नळी चाचपली, हवा ओढत नव्हती.
पातळी काचेवर रेघेच्या वरच.
रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब,
ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला: आठ.
आठ म्हणजे बरोबर.
सगळंच बरोबर, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.
मग कपाटातून जडपणा मोजायची पट्टी काढली, बुडवली.
रंग हललाच नाही.

आमच्याकडे, जतच्या बाजूला,
विहिरीचं पाणी इतकं जड
की कॉलर घासता घासता आई
साबणालाच शिव्या द्यायची.
कुणाची डाळ लवकर शिजली
तर शेजारीण विचारायची, पाणी कुठलं गं?
पातेल्याच्या बुडाशी चुना धरायचा,
खरवडला की नखात बसायचा.

इथलं पाणी समुद्रातून काढतात.
मीठ काढतात, चुना काढतात,
उरतं त्याला कुठलंच गाव नसतं.
कशालाही फेस आणतं.
पहिल्या आठवड्यात अंगावरचा साबण जाता जाईना,
नळाखाली उभा राहून बोटं सुरकुतली.
वरच्या बंकवरचा मुबीन परकार, खेडचा, ओरडला,
"अरे, धूत काय बसलायस? पूस आणि बाहेर ये!"

तर, खगेंद्र.
टूल क्रिबच्या आडोशाला उभा, बादली पाठीमागे.
टाकी कमी दिसली म्हणून त्यानं भर घातली होती
जमीन पुसायच्या बादलीतून.
लिंबाच्या वासाचा साबण.
आता सांगायला हरकत नाही,
तो वास मला सव्वादोनलाच आला होता.

पाच महिने झालेत पोराला.
हातमोजे हरवले तेव्हा तीन रियाल कापले.

सुगुणनला मी पट्टी दाखवली. कोरी.
"पाणी हलकं आहे," म्हणालो.
खोटं नव्हतं.
त्यानं पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं,
एकदा टूल क्रिबकडे,
आणि चहा सांगायला निघून गेला.

वरचा फेस सुपलीनं ओढला, नऊ बादल्या.
निम्मी टाकी उपसली, नवं कालवलं,
खगेंद्र तेल ओतत होता, मी ढवळत होतो
(पाण्यात तेल, तेलात पाणी नाही,
हे त्याला दोनदा सांगितलं).
कॅल्शियमची पावडर मागच्या वर्षीची,
डब्यात खडे झालेली.
चहाच्या चमच्यानं मोजून, मगमध्ये विरघळवून
परतीच्या धारेखाली सोडली, थोडी थोडी,
डाळीत मीठ घालताना थांबतात तसं थांबत.

पाच वाजता पट्टी फिकट जांभळी.
फेस उतरला, बुरादीभोवती
एक पातळ कडं तेवढं राहिलं.
वहीत लिहिलं: चार नंबर. कारण, पाणी.

पंपाचा आवाज खाली आला तेव्हा
काहीतरी बोलायचं म्हणून मी खगेंद्रला विचारलं,
तुमच्या गावाला पाणी कसं असतं?

बराच वेळ विचार केला त्यानं.
"थंड," म्हणाला.