मुंडकार

डिचोलीच्या बाजारात माझं काजूचं दुकान.
जाहिरातीचं खातं पणजीत, पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर.
कार्ड माझं, बिल माझं,
भाजक्या काजूचा फोटोही माझ्याच अंगणातला,
तरी आत शिरायचं तर रोव्हनला फोन.
"तुम्हाला फक्त बघता येईल, बाय,"
तो म्हणाला, अगदी गोड.

एजन्सी सोडते म्हटलं, तर
चार वर्षांची गिऱ्हाइकं
त्यांच्याच किल्लीखाली राहिली.

पप्पा असेच भाटकाराच्या आवारात.
भिंती स्वतः लिंपलेल्या,
पण नारळ उतरवायचा तर विचारून.
निकाल लागला तेव्हा
कागद हातात धरून
रात्रभर उंबऱ्यावर बसले होते.

मी नवं खातं उघडलंय.
गिऱ्हाइकं शून्य. मालक: शेवंती गावस.
पासवर्ड काय ठेवला,
पप्पांनी विचारलं.
त्यांनाही नाही सांगितला.