निव्वळ वजन

वहीच्या शेवटच्या पानावर मी दोन रकाने आखलेत.
पट्टी शाळेची, पेन बँकेचं,
वाळपईच्या शाखेत कर्जाच्या कागदांवर सह्या करताना
चुकून पर्समध्ये आलेलं.

डावीकडे: बी.एड.ची दोन वर्षं, एक लाख साठ हजार.
यात फी आहे, फोंड्यातली खोली आहे,
सराव पाठांचे तक्ते, पुठ्ठे, खळ,
दोन सुती साड्या.
(निऱ्या घालायला शिकवलं ते रूममेटने, फुकट.)
जामीन शाबीमामा. त्याला कुठे लिहायचं कळत नाही.
अंगठा उठवून तो म्हणाला, "मास्तरीण होतेय पोर,
म्हणजे पैसा सोन्यात घातल्यासारखा,"
आणि शाई शर्टाला लागू नये म्हणून
केसांना पुसली.

उजवीकडे: तासाचे पैसे.
मी कायम नाही, तासिका तत्त्वावर.
तास झाला तर पैसे.
क्रीडादिन, नाही.
मतदान केंद्र आमच्याच वर्गात, नाही.
चवथीची सुट्टी, अर्थात नाही.
नववी सहलीला गेली, तेव्हा मीही गेले,
चोर्ल्याच्या वळणांवर उलट्या करणाऱ्यांची डोकी धरली,
चढताना बेचाळीस, उतरताना बेचाळीस मोजले.
तास झाला नव्हता.
चांगल्या महिन्यात अठरा हजार, चवथीच्या महिन्यात नऊ.
मेमध्ये शून्य.
हप्ता तीन हजार चारशे,
आणि हप्त्याला मे महिन्याची सुट्टी नसते.

माझ्याच बाकावरची बबिता बारावीनंतर कसिनोत लागली.
मांडवीतल्या बोटीवर रात्रभर पत्ते वाटते.
सव्वीस हजार, वर टिप. कर्ज नाही.
"तू शक्यता शिकवतेस," ती म्हणते,
"मी रोज तिला घरी जाताना बघते, रिकाम्या खिशाने."

तर मेमध्ये मी शाणू पात्रांवच्या गुदामात बसते.
काजूच्या बिया, काटा, पावतीपुस्तक. दिवसाचे चारशे.
केसांना बोंडूचा वास लागतो, तो दोन न्हाण्यांत जात नाही.
गोणीमागे दोन किलो वजा करायचे,
हे पात्रांवनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
चहा सांगावा तसं.

काल दुर्वा गावस आली आईबरोबर. नववी, तिसरा बाक.
काट्याकडे बघितलं, पावतीकडे बघितलं.
"श्वेताली टीचर, गोण दोन किलोची असते?"
तुम्हीच शिकवलंत असं ती म्हणाली नाही.
ढोबळ वजन, निव्वळ वजन, फळ्यावर डाव्या कोपऱ्यात,
मीच लिहिलं होतं.
तिच्या आईने तिचा दंड दाबला.

मी गोण ओतली. रिकामी काट्यावर ठेवली.
सातशे ग्रॅम.
पावती फाडली, दुसरी लिहिली,
एकशे छप्पन रुपये जास्तीची.

पात्रांव मोठ्याने हसले. सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं.
संध्याकाळी चारशेतून एकशे छप्पन काढून
दोनशे चव्वेचाळीस हातावर ठेवले.
"हिशेब बरोबर ना, टीचर?"
बरोबर होता.

पण दुर्वाच्या मागे अकरा गोणी होत्या.
त्यांचे मी दोन-दोन किलोच वजा केले.
कुणी विचारलं नाही.
हेही लिहून ठेवते, दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर,
जिथे जागा नाही.

रात्री आठवलं,
सहामाहीत हेच गणित होतं.
दुर्वाचं उत्तर अगदी बरोबर, पायऱ्या मात्र नव्हत्या,
म्हणून पाचपैकी दोन दिले होते मी.
जूनच्या पहिल्या तासाला तिला तेवढं सांगायचं आहे.
तो तास झाला,
तर त्याचे पैसेही मिळतील.