दुसरा बुश

इनास बार्देस्कर पहिल्यांदा माझ्या लेथपाशी आला
तेव्हा त्याच्या सायकलला पुढचा ब्रेक नव्हता.
"लावू काय?" म्हटलं.
"नको बा मिस्त्री, मागचा पुरतोय की."
कॅम्पातल्या बापाच्या बेकरीतून पहाटे निघायचा,
तिसरं रेल्वे गेट पडायच्या आत सुटायचा
आणि भोंगा व्हायला उद्यमबागेत.
टोपलीतला एक पाव कधी चेपलेला नसे.
वळणावर माणूस कलतो, टोपली कलत नाही,
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग एक जुनी मारुती, दारं काढलेली.
सांबऱ्याच्या माळावर फक्कीनं आखलेली वाट,
लाल धुरळा, बाभळीवर चढलेली माणसं.
नंबर रंगवायला बोलावलेला पेंटर
ब्रश बुडवून थांबला:
"कन्नडात काढू का मराठीत?"
मागं उभी पोरं एकदम गप्प.
इनास बॉनेटवर बसून केळं खात होता.
म्हणाला, "शून्य काढ."
दोन्हीकडं तेच. कुणाला भांडायला काही सापडलं नाही.

त्या शून्यानं निपाणी मारली, खानापूर मारलं,
पुढं कोइमतूरला एका सीटची गाडी मिळाली.
मी तिच्यात बसून बघितलं,
कमरेपाशीच अडकलो; चौघांनी उपसून काढलं.
पहिला कप आणला त्या दिवशी
वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी त्यातून चहा प्यायला.
तळाला पितळी पॉलिशचा वास होता,
कुणी बोललं नाही.

ओल्या ट्रॅकवर बाकीचे पाय उचलायचे,
हा दाबायचा.
"पाणी कुठं साचलंय ते मला ऐकू येतंय मिस्त्री."
मी म्हटलं, थापा मारू नकोस.
पण त्यानं डोळे झाकून
माझ्या लेथचा कुठला बेअरिंग जाणार ते सांगितलं होतं
आणि तोच गेला होता, आठ दिवसांनी.

परदेशातून पत्र आलं. पासपोर्टच्या फोटोसाठी
बापाचा लग्नातला टाय बांधला.
जायच्या आधी एकच रेस राहिली होती.
"स्टिअरिंग लांब पडायलंय, जरा जवळ आण की."
मी दांडा कापला, जोडला,
एकाच रॉडातून दोन बुश काढले,
एक बसवायचा, एक जादा.
पहिल्याचा शेवटचा कट चालू असताना वीज गेली.
वीस मिनिटांनी आली. तिथूनच पुढं घेतला.
जोडाच्या जागी नख फिरवून बघितलं होतं.
लागलं नव्हतं.

नवव्या फेरीत डावं वळण होतं.
गाडी सरळ गेली.

रिपोर्ट दोन पानी, इंग्रजीत.
त्याचा बाप तो घेऊन माझ्याकडेच आला,
कारण यंत्राचं मला कळतं म्हणून.
माझ्या पोरीनं वाचून दाखवलं: टायर.
बाप म्हणाला, "टायर." मी म्हटलं, "होय, टायर."
त्याच्या बाहीला पीठ होतं.
तेवीस वर्षांच्या पोराच्या बापाला
मी पाणी विचारायचंसुद्धा विसरलो.

आता पाव दुसरा पोरगा आणतो, मोपेडवरून.
रोज दोन तरी चेपलेले असतात.
मी पैसे पूर्ण देतो.

कट चालू असताना वीज गेली
तर तो तुकडा मी भंगारात टाकतो, नवा रॉड लावतो.
मालक हुक्केरीचे, भला माणूस,
आधी रागवायचे, आता नुसतं म्हणतात,
"साकु बिड्री, मिस्त्री."

दुसरा बुश माझ्या खणात आहे,
तेलकागदात गुंडाळलेला.
सगळे गेले की काढतो, पुसतो,
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरतो.
त्याच्यात काही निघायचं नाही, मला माहीत आहे;
वीज गेली ती त्या दुसऱ्यावर.
तरी दिव्याखाली चष्मा सारून आकडा वाचतो:
पंचवीस, पुढं शून्य, शून्य.