मूलपेशी

सकाळी सात. मॉरीन टेप घेऊन येते
शिंपिणीसारखी, खिशात पेन, तोंडात "लव्ह".
बेंबीवरून फिरवते. नव्व्याण्णव.
काल पंचाण्णव होतं.
मी विचारते, ब्लाउज शिवणार आहेस का माझा?
ती हसते,
आकडा लिहिताना मात्र हसत नाही.

मागच्या मंगळवारी तेवीस बीजं काढली त्यांनी.
भरघोस, म्हणाला डॉक्टर.
मग पाणी सुटलं.
रक्तवाहिन्या झिरपू लागल्या आणि
ज्या ओटीपोटात काहीच रुजलेलं नाही
तिथं साचत गेलं, गच्च.
नाव मृण्मयी, म्हणजे मातीची.
माठ झिरपणारच.

लिफ्टमध्ये एका बाईनं कौतुकानं विचारलं,
कितवा महिना?
मी म्हटलं, नववा दिवस.

लहानपणी माझ्याबद्दल म्हणत,
हिच्या पोटातलं पाणी हलत नाही.
दहावीचा निकाल, बाबांचं ऑपरेशन, व्हिसा,
नाही हललं.
आता कूस बदलली की हलतं. ऐकू येतं,
अर्ध्या भरलेल्या कळशीसारखं.
या शेफील्डमध्ये रेल्वे स्टेशनखाली एक नदी आहे,
विटांच्या बोगद्यातून जाणारी.
वर लोक कॉफी घेतात, गाड्या चुकवतात.
पाच वर्षं रोज त्याच फलाटावर उभी राहिले,
मला पत्ता नव्हता.

पुष्कर जग मोजतो.
किती प्यायले, किती गेलं.
वहीत दोन रकाने, किराण्याच्या हिशेबाचं अक्षर.
जमाखर्च जुळत नाही.
उरलेलं सगळं माझ्यात आहे.
रात्री तो खुर्चीत झोपतो, बूट घालूनच.

गुरुवारी डॉक्टर इफेओमा आली, संशोधनवाली,
गळ्यात दोन ओळखपत्रं, दोन्ही उलटी.
वरच्या मजल्यावर बाळंत झालेल्या बायका
सही करून नाळ देतात, तिनं सांगितलं.
त्या नाळेतल्या पेशी ती वाढवते आहे,
झिरपत्या वाहिन्या सांधल्या जातात का बघायला.
अजून उंदरांवरच. तुला उपयोग नाही याचा.
हे तिनं आधीच सांगितलं, म्हणून मी पुढचं ऐकलं.
तुमच्या भाषेत काय म्हणतात स्टेम सेलला?
मूलपेशी.
म्हणजे?
पुस्तकात मूल म्हणजे मूळ, जिथून फुटतं ते.
आणि घरात मूल म्हणजे
तिनं पेन खाली ठेवलं.

माझी नाळ आजोळी पुरली, पेरूच्या झाडाखाली.
तिथं ओढ लागते म्हणे माणसाला.
इथं ती बर्फाच्या डब्यात
जिन्यानं खाली उतरते,
लिफ्ट बंद असेल तर इफेओमाच्या हातून.

उद्या पाणी काढतील, ती म्हणाली,
सांडपाण्यात जातं ते. मला दिलंस तर?
आठ पानांचा फॉर्म.
त्यात त्याचं नाव "टाकाऊ द्रव".
मी पूर्ण नावानं सही केली, माहेरच्यासकट.

शुक्रवार. सुई, नळी, पिशवी.
पाणी पिवळसर नितळ,
दह्यावरच्या निवळीसारखं.
दोन लिटर आठशे.
वाटलं होतं रडू येईल.
भूक लागली.
टोस्ट मागितला, वर लोणी,
आणि आईनं पाठवलेली मेतकुटाची पुडी फोडली.

ओटी भरायला पाच सवाष्णी बोलावतात.
माझी रिती करायला तिघी होत्या,
एकीचं लग्न मोडलेलं, एकीचं झालंच नाही,
तिसरीला विचारलं नाही मी.
इफेओमानं पिशवी दोन्ही हातांनी धरली,
दारातून पाठमोरी बाहेर पडली, हिंदकळू नये म्हणून.
कुणाची तरी नाळ, माझं पाणी,
तळघरात एका काचेत भेटतील.
आम्ही दोघी नाही भेटणार.

नऊ गर्भ गोठवून ठेवलेत त्यांनी.
ते थांबतील. सध्या मीही.

मॉरीन टेप फिरवते. एक्क्याण्णव, लव्ह.
पुष्कर वही उघडतो, पेन चावतो,
हे कुठल्या रकान्यात लिहू?
कुणीच बोलत नाही.
मग तो मॉरीनकडून टेप मागून घेतो
आणि तिच्या कडेनं
तिसरी रेघ ओढतो, जराशी वाकडी.