काटा

हेलिकॉप्टरात बसण्याआधी प्रत्येकाला
माझ्या काट्यावर उभं राहावं लागतं.
बुटांसकट, कॅमेऱ्यासकट, खिशातल्या चिल्लरीसकट.
बायका नवऱ्यांना म्हणतात, तिकडे बघ जरा.
मी आकडा मोठ्यानं वाचत नाही, वहीत लिहिते,
आणि वही ठरवते
कोण पायलट रावीरीशेजारी, कोण मागे खिडकीशी.

न्यूझीलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर
पाऊस मिलिमीटरमध्ये कुणी मोजत नाही, मीटरमध्ये मोजतात.
अकराला ढग उतरले की मी पैसे परत देते;
माणसं सँडफ्लाय चावलेले घोटे खाजवत
पोस्टकार्डांच्या स्टँडकडे वळतात.
पोस्टकार्डावरची हिमनदी अजून रस्त्यापर्यंत येते.

माझे वडील तिच्या अंगावर पायऱ्या खोदत.
चाळीस वर्षं, रोज पहाटे,
कारण कालच्या पायऱ्या रात्रीत
सरकून, झिजून, वाकड्या होत.
गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.
डेस्मंड म्हणाला आज नको,
की दोन बस भरून माणसं माघारी जात.

मग पुरानं पूल नेला.
मग बर्फच इतका वर चढला
की चालत जाण्यासारखं काही उरलं नाही.
दरीत करडे दगड आणि सालं लिहिलेल्या पाट्या:
इथपर्यंत होती.
इथपर्यंत होती.
माझ्या जन्मसालाच्या पाटीला नेच्यांनी झाकलंय.

हेलिकॉप्टरला ते पंखा म्हणत.
तो पंखा गेला का गं, एवढंच विचारत, फोनवर.

ऑक्टोबरात एका सकाळी आले. न कळवता.
इस्त्रीचा शर्ट. खिळ्यांचे जुने बूट, तेल पाजलेले.
पूर्ण पैशांचं तिकीट फाड, ग्लेनिस.
आणि काट्यावर उभे राहिले, समोर बघत,
फोटोला राहतात तसे.
अठ्ठावन्न.
मी पुन्हा पाहिलं. अठ्ठावन्नच.
रावीरीनं त्यांना पुढे बसवलं.

वर जायला आठ मिनिटं, बर्फावर दहा, परत आठ.
तेवढ्यात मी सोलच्या एका कुटुंबाचे आकडे
एकाचे दुसऱ्याला लिहिले, खोडले, परत लिहिले.

उतरले तेव्हा रावीरीचा दंड धरून होते.
कसं होतं, विचारलं.
म्हणाले, पायऱ्या खोदल्या नव्हत्या कुणी.
सरळ उतरवलं मला. जसा काही मी पाहुणा.

मग कुणी न सांगता
पुन्हा काट्यावर चढले.
अठ्ठावन्न पूर्णांक चार.
आम्ही दोघांनी खाली पाहिलं.
खिळ्यांमध्ये अडकून आलेला बर्फ,
निळा वगैरे नाही, मळकट, वाळू मिसळलेला,
रबरी पत्र्यावर पाणी होत होता.
संपूर्ण पाणी झाला तरी आकडा हलला नाही.
पाणी काट्यावरच होतं ना.

मग ते उतरले.

वहीत कोणता रकाना, मला सुचेना.
रांगेतला पुढचा माणूस पाय उचलून उभा होता.
त्याला म्हटलं, जरा थांबा,
काटा ओला आहे.